नळावरचा गोरा पोलीस

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या दुःखाशी माझा संबंध आला तो निव्वळ माझ्या रंगामुळे. वाचन, अभ्यास, कळवळा असलं काही त्यामागे नव्हतं. मी भिवा. मुक्काम शारजाचा औद्योगिक भाग, काम एसी आणि पाण्याचे कूलर दुरुस्त करण्याचं, शिक्षण आयटीआय. आणि रंग असा की कामगारांच्या कॅम्पात लाइट गेली की खोलीतले सोबती म्हणायचे, “भिवा, हस जरा, कुठे आहेस ते कळू दे.” मी हसायचो. अंधारात तक्रार तरी कुणाकडे करणार?

सत्त्याण्णव साली नागेश सरांनी आमच्या मराठी मंडळासाठी नाटक लिहिलं. नागेश सर एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होते. त्यांना सर म्हणायचं कारण एवढंच की दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ते कुणाला ना कुणाला काहीतरी शिकवायचे. त्यांच्या घरचा एसी मी दुरुस्त करायचो, आणि एसी वारंवार बिघडायचा, म्हणून मंडळात माझी वर्णी लागली. बाकी सगळे बँकेतले, ऑफिसांतले, गळ्यात टाय बांधणारे. बॉयलर सूट घालणारा मी एकटाच. पण शुक्रवारी सगळेच टी-शर्टात यायचे, त्यामुळे निभून जायचं.

नाटकाचं नाव होतं ‘दोन नळ’. सरांनी आपल्या हॉलमध्ये आम्हाला बसवून आधी अमेरिका समजावून सांगितली. तिथे दक्षिणेकडे, तीस-चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत, काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, दवाखान्यातले बाक वेगळे, मेल्यावर पुरायची जागासुद्धा वेगळी. आणि हे सगळं कायद्याने, पाट्या लावून. स्टेशनवर पाण्याचे नळही दोन. गोऱ्यांच्या नळाला कूलर जोडलेला आणि काळ्यांचा नळ साधा, उन्हात तापलेला.

“आणि मागून येणारा पाइप एकच,” सर म्हणाले.

हेमावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, चहाचा ट्रे ठेवताना “अगंबाई” म्हणाल्या. बँकेतला परेश म्हणाला, “शी, काय लोक असतात यार.” मी विचारलं, “सर, कूलर किती गॅलनचा होता?” माझा आपला धंद्यातला प्रश्न. पण त्या प्रश्नाने सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि बघता बघता एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अरे, आपला सॅम तर इथेच बसलाय,” परेश म्हणाला.

सॅम म्हणजे नाटकातला काळा माणूस. तहानेला बिचारा गोऱ्यांच्या नळाचं पाणी पितो, पोलीस त्याला फरफटत बाजूला काढतो, आणि शेवटी तो मरतो. खजिनदार लगेच म्हणाले, मेकअपचा खर्च वाचला. सर तर खुर्चीतून उठून उभेच राहिले. “भिवा, you are made for this. तुला काही करायचंच नाही. नुसतं यायचं, नळाला तोंड लावायचं, मार खायचा आणि पडून राहायचं.”

मी म्हणालो, “सर, हे काम मी गावाला केलंय. तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. मला पोलीस करा.”

आधी सगळे हसले, आणि मी हसत नाही म्हटल्यावर गप्प झाले. आता माझ्या बोलण्यात स्वाभिमान होता असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. मला टोपी हवी होती. बूट, पट्टा आणि टोपी. आमच्या गावच्या जत्रेत गावातलीच माणसं नाटक करायची. राजा खोतांच्या घरचा, प्रधान त्यांच्या भावकीतला. आमची बौद्धवाडी ओढ्याच्या पलीकडे. आजा एके काळी त्या नाटकापुढे मशाल धरायचा. छप्पन साली बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला तशी वाडीने मशाल खाली ठेवली, आणि मग आम्ही पोरं ओढ्याच्या बांधावरून नाटक बघायचो. तिथून राजाची पाठच दिसायची. तेव्हापासून माझ्या मनात होतं की एकदा आपण स्टेजवर उभं राहावं, अंगात भारी कपडे असावेत आणि आपण सांगू ते दुसऱ्याने ऐकावं.

आणि ते आईने बघावं. नाटकाची व्हिडिओ कॅसेट निघणार होती. आमची आई, ठकुबाई, हिला माझ्या दुबईबद्दल एवढंच माहीत होतं की मुलगा परक्यांचे फ्रीज पुसतो. हे तिला खोतांच्या वरच्या वाडीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, आणि फारसं खोटंही नव्हतं. बाप गेल्यावर खडी फोडून तिने मला आयटीआयपर्यंत नेलं. मेहनतीचं फळ म्हणून तिला निदान एकदा तरी रुबाबात उभा असलेला मुलगा दिसावा, एवढीच माझी इच्छा होती. हे मी सरांना सांगितलं नाही. सरांना सांगितलं की माझा आवाज मोठा आहे.

“पण पोलीस गोरा असतो रे,” सर म्हणाले.

“पावडर लावा.”

पोलिसाचं काम मुळात परेशचं होतं. गोरापान, घारे डोळे, जन्मजात साहेब. त्याचं आडनाव लिहीत नाही. वाचणाऱ्याने मनात जे धरलं असेल, तेच. मला वाटलं तो अडून बसेल. पण त्याने विचारलं, “सॅम शेवटी मरतो ना? मग सॅम मी करतो. मरणाऱ्याला टाळ्या जास्त मिळतात.” अशा रीतीने जो काळा होता त्याला गोरा करायचा आणि गोरा होता त्याला काळा करायचा, असं एकमताने ठरलं. खजिनदारांनी डोक्याला हात लावला. पावडरचा डबा पंधरा दिरहम, म्हणजे दीडशे रुपये, आणि आता काळ्या रंगाचा डबा वेगळा.

कूलर मी आमच्या वर्कशॉपमधून आणला. फोरमन रफिक पेशावरचा. त्याला म्हणालो, “भाई, ड्रामा है, अमेरिका का. उसमें काला आदमी गोरे के कूलर से पानी नहीं पी सकता.”

“पानी से मना करते थे?” रफिकने कानाला हात लावला. “तौबा. ले जा हबीबी. लेकिन ड्रामा खलास, तो कूलर वापस.”

त्याला ते खरं वाटेना याचं मला नवल वाटलं नाही. शारजात मशिदीच्या भिंतीला, बंगल्यांच्या फाटकाबाहेर लोक पुण्य म्हणून कूलर बसवतात. साखळीला एक स्टीलचा ग्लास असतो, आणि जो येईल तो पितो. मी नवा आलो तेव्हा तो ग्लास तोंडाला न लावता उंचावरून पाणी ओतून घेतलं आणि अर्धा शर्ट भिजवला. मागे उभा असलेला पठाण म्हणाला, “मुंह लगा के पी ना भाई.” परदेशात आल्याची खात्री मला विमानतळावर पटली नव्हती, ती तिथे पटली. पगार मात्र इथेही पासपोर्टाचा रंग बघून ठरायचा. आमच्या साइटवरचा गोरा सुपरवायझर जे काम मला विचारून करायचा, त्याच कामाचे त्याला माझ्या कैक पट मिळायचे. पण त्यावर नाटक लिहावं असं नागेश सरांना सुचलं नाही आणि मलाही नाही. आपली नोकरी आपल्याला प्यारी.

तालमी सुरू झाल्या आणि माझी फजिती सुरू झाली. पोलिसाने सॅमची कॉलर धरून त्याला नळावरून खेचायचं होतं. मी दणदण पावलं टाकत यायचो, परेशपाशी पोचायचो आणि माझा हात त्याच्या खांद्याच्या वीतभर अलीकडे थांबायचा.

“कॉलर पकड,” सर म्हणायचे.

मी परेशच्या कॉलरचं टोक दोन बोटांत धरून म्हणायचो, “जरा बाजूला होता का, साहेब.”

“साहेब कुणाला म्हणतोस? तू गोरा आहेस.”

“सॉरी सर.”

परेश मनाचा भला. म्हणायचा, “अरे ढकल ना बिनधास्त, मी काय काचेचा आहे?” मी ढकलत नाही म्हटल्यावर तो आपणच धडपडून घ्यायचा. हेमावहिनी म्हणाल्या, “भिवा भावजी, तो एसीचा कॉम्प्रेसर एकटे उचलता, तसंच उचला की त्याला.” मी म्हणालो, “वहिनी, कॉम्प्रेसरला आडनाव नसतं.” त्यांना वाटलं मी विनोद केला. त्या हसल्या, मग मीही हसलो.

आधी मला वाटलं, मला लाज वाटतेय. मग लक्षात आलं की ही भीती आहे. चाळिशीला टेकलेला माणूस, शारजात, चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, समोर मार खायला आनंदाने तयार असलेला मित्र, आणि मी भीत होतो. मला स्वतःचा असा राग आला की त्या रात्री कॅम्पात उशीला शर्ट चढवून तिची कॉलर धरण्याचा सराव केला. उशीने सहकार्य केलं. पुढच्या शुक्रवारी परेशपुढे पुन्हा दोन बोटं.

सर शेवटी म्हणाले, “इन्शाल्ला स्टेजवर येईल त्याला.” नाटकवाला माणूस इन्शाल्लावर आला की समजावं, त्याने आशा सोडलीय.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हेमावहिनी माझ्या तोंडाला पावडर लावायला बसल्या. एक थर दिला की माझा रंग खालून वर यायचा. दुसरा दिला, तिसरा दिला. चेहरा झाला, मान झाली, कान झाले, आणि डबा संपल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की हात राहिले. मग माझ्याच कामाचे पांढरे सुती हातमोजे चढवले. वर तपकिरी मिशी, डोळ्यांपर्यंत टोपी. आरशात बघितलं तर पिठाच्या गिरणीतून आलेला फौजदार. पण मी खूश होतो. शेजारी परेश नखशिखान्त काळा होऊन बसला होता, माझ्याहून दोन छटा जास्तच.

माझी एन्ट्री आली. परेश गुडघ्यावर बसून नळाखाली टिनचा मग धरून होता. अंधारात कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला आणि मला आई आठवली. आई आठवली, आणि सरांनी शिकवलेलं सगळं डोक्यातून पार गेलं.

आमच्या वाडीची विहीर मार्चातच आटायची. मग बायका वरच्या वाडीच्या नळावर जायच्या आणि कुणी दया येऊन घागर भरून देईपर्यंत लांब उभ्या राहायच्या. एकदा उन्हाचा कडाका होता, कुणी येईना, तेव्हा आईने आपणच कळशी नळाखाली ठेवली. मी तिच्या लुगड्याला धरून उभा. खोतांचे कारभारी आले. ओरडले नाहीत, आईकडे बघितलंसुद्धा नाही. वहाणेच्या टोकाने कळशी कलती केली, हाताने माशी वारतात तसं केलं, आणि आम्ही मागे सरकल्यावर तांब्याने तीनदा पाणी ओतून नळ धुतला. मग रुमालाने पुसला. मग ओंजळ धरून स्वतः पाणी प्यायले.

स्टेजवर मी तेच केलं. ठरवून नाही. परेशची कॉलर धरायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालंच नाही, तेव्हा अंगाला जे ठाऊक होतं ते अंगाने केलं. बुटाच्या टोकाने मग उडवला. परेशकडे न बघता हात हलवला, आणि तो बिचारा खरोखरच सरकला. विंगेत सरांची पाण्याची बाटली होती ती घेऊन मी कूलरचा नळ तीनदा धुतला, पुसला आणि ओंजळीने पाणी प्यायलो. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. परेश नंतर तब्येतीत मेला, पण त्याला तेवढ्या टाळ्या मिळाल्या नाहीत.

“What an improvisation,” सर मला मिठी मारून म्हणाले. त्यांच्या सदऱ्यावर माझं अर्धं तोंड उमटलं. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ येऊन म्हणाले, “अंगावर काटा आला हो. अमेरिकेत फारच भयंकर होतं. आपल्याकडे एवढं नव्हतं कधी.”

मी म्हणालो, “नाही, एवढं नव्हतं.” हातात उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस म्हणून मिळालेली इस्त्री होती आणि बक्षीस देणाऱ्याशी वाद कशाला घालायचा, असा विचार मी केला. खरं सांगायचं तर विचारही केला नाही. मी नुसता तरंगत होतो. परेशच्या कानामागचा रंग तीन दिवस निघाला नाही म्हणे. माझी पावडर मीच रात्री उशिरापर्यंत धुतली नाही, कॅम्पात सगळ्यांना दाखवत फिरलो.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो. कॅसेट कपड्यांच्या मध्ये जपून नेली. बाजारातून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला, अंगणात टेबल टाकलं, आणि अख्खी वाडी जमली. आईला सगळ्यांच्या पुढे पाटावर बसवलं. मी तिच्या मागे बसलो. मी कोण झालोय हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिने आपण ओळखावं, मग वळून माझ्याकडे बघावं, असा माझा बेत होता.

पडदा उघडला. परेश झोकांड्या खात नळाकडे आला.

“ह्यो बघा माझा भिवा,” आई म्हणाली.

सगळ्यांनी माना हलवल्या. काळा एकच होता, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी तिच्या खांद्याला हात लावून “आई, तो नाही” म्हणालो, पण तिने हात झटकून मला गप्प केलं. “किती वाळलास रे तिकडं,” ती टीव्हीलाच म्हणाली. आणि तेवढ्यात मी आलो. टोपी, बूट, पट्टा, पांढरे हातमोजे. माझा रुबाब खरोखरच दिसत होता.

बुटाने मग उडवला. हात हलवला. आई पाटावर ताठ झाली. बाटली आली, नळावर पाणी पडलं, एकदा, दोनदा, तीनदा. मागच्या बायकांतून कुणीतरी हळूच म्हणालं, “ह्यो तर कारभारी.” म्हातारे कारभारी कधीच वारले होते, पण कुणी हसलं नाही. आई उठून उभी राहिली. तिच्या पाठीआड टीव्ही झाकला गेला, आणि तिने बोटं मोडली.

“हात झडोत मेल्या तुझं,” ती म्हणाली. “पाण्यावरनं उठवतोस माझ्या पोराला? पाणी मिळायचं नाय तुला मरताना.”

बाकीच्या म्हाताऱ्यांनीही बोटं मोडली. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, ते बाहेर पडायला पाच मिनिटं लागली. माझ्या तोंडावर शिव्या खाल्ल्या आहेत मी पुष्कळ, पण स्वतःच्या अंगणात, भाड्याचा टीव्ही लावून, सगळ्या वाडीकडून खायची पहिलीच वेळ. मग आई मागे वळली. तिचे डोळे भरले होते. तिने माझा खांदा चाचपला. “लागलं काय रे तुला?”

मला गप्प बसता आलं असतं. पण तिचा हात खांद्यावर फिरत होता आणि ते मला सहन होईना.

“आई, तो मी नव्हे. तो मित्र आहे माझा, त्याला काळं रंगवलंय. तो पोलीस आहे ना, तो मी.”

तिने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझा हात उचलून उलटा-सुलटा करून बघितला. कुणीतरी जाऊन व्हीसीआर बंद केला. लोक भाकरीच्या वेळेचं निमित्त करून उठले.

दिवेलागणीला तिने मला चुलीजवळ बसवलं. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या. आमच्यात आता असलं करत नाहीत, पण तिने पोटच्या पोराचे हात झडोत म्हटलं होतं आणि ते तिला काढून घ्यायचं होतं. डोक्यापासून हातांच्या बोटांपर्यंत मूठ फिरवत ती मला विचारत होती.

“नोकरीवरनं काढू म्हणालं काय ते? जबरदस्ती केली तुज्यावर?”

“नाही आई.”

“मग?”

“मीच मागून घेतलं,” मी म्हणालो. “तुला दाखवायला.”

तिची मूठ माझ्या हातावर थांबली. मग तिने सगळं चुलीत टाकलं. दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही म्हणतात. ठसका असा आला की आम्ही दोघंही खोकून खोकून बेजार झालो. तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

“दृष्ट नाय कुणाची,” ती म्हणाली, आणि माझं ताट वाढायला घेतलं.